छोट्या गाडीची घरगुती देखभाल: कुठपर्यंत हात घालावा?

खटपट्या
मंडळी, गाडी २०१३ ची वॅगन आर, पेट्रोल. वॉरंटी संपून जमाना झाला. परवा सर्व्हिसिंगला टाकली तर बिलात ऑइल आणि फिल्टर सोडून 'इंजिन ड्रेसिंग', 'थ्रॉटल बॉडी क्लीनिंग', 'एसी डिसइन्फेक्टंट', 'टायमिंग बेल्ट इन्स्पेक्शन' अशी भली मोठी जंत्री. मूळ कामापेक्षा ही वरची तोंडी लावणीच महाग. काउंटरवरच्या मुलाला विचारलं ड्रेसिंग म्हणजे काय, तर म्हणाला, "सर, चमकतं."

तेव्हा ठरवलंय, जमेल तेवढं घरीच करायचं. हत्यारं कोणती घ्यावीत? कोणती कामं आपण करावीत आणि कुठे निमूटपणे मिस्त्रीकडे जावं? शिवाय एक-दोन अपग्रेडही डोक्यात आहेत, मुख्य म्हणजे हेडलाइट. रात्री ताम्हिणीत उतरताना रस्ता दिसत नाही, नुसता आठवतो.

जाता जाता: डावीकडची पुढची मॅट हल्ली ओली लागते. पावसाचं पाणी असावं.

वाकडीवाट
टायमिंग बेल्ट इन्स्पेक्शन?? अहो, तुमच्या के-सिरीज इंजिनला टायमिंगसाठी बेल्ट नाही, चेन असते. बेल्ट होता जुन्या ८०० ला आणि पहिल्या अल्टोला. तपासलाच असेल तर शेजारच्या गाडीचा तपासला असेल.

खटपट्या
धन्य! बिल फ्रेम करून ठेवतो.

उद्यमनगरी
खटपट्या, तो दोनशे तुकड्यांचा चकचकीत हत्यारांचा डबा ऑनलाइन दिसतो तो घेऊ नका. त्यातले निम्मे पाने जन्मात लागणार नाहीत आणि लागतील ते पहिल्याच घट्ट नटाला गोल होतील. मारुतीचं बहुतेक सगळं काम १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरच्या पान्यांवर होतं. हे चार रिंग पाने चांगल्या कंपनीचे घ्या, याच मापाच्या गोट्या (सॉकेट), एक रॅचेट, एक लांब एक्स्टेन्शन, स्पार्क प्लगचा पाना. १० चे दोन घ्या, एक इंजिनच्या पोटात पडतोच आणि खाली जमिनीवर कधीच येत नाही. बरोबर साधा मल्टिमीटर आणि हवेचा गेज.

टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट पिळायचा पाना) महाग वाटतो, पण नवशिक्याला त्याचीच गरज जास्त. मुरलेल्या मिस्त्रीच्या मनगटात माप बसलेलं असतं, आपल्या मनगटात नुसता उत्साह. प्लग बसतो अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये, इंजिन गरम असताना किंवा तिरका धरून पिळलात तर आटे गेलेच. मग हेड उतरवा, बुश बसवा, आणि इकडे आमच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात चकरा मारत बसा. गंमत म्हणजे आमच्याकडं लेथवाला ते करून पण देतो, पण आधी चहा पाजून अर्धा तास तुमची अक्कल काढतो.

प्लग सुरुवातीला हातानंच फिरवायचा. बोटांनी दोन-तीन आटे गुळगुळीत बसले की मगच पाना.

हिशोबी
मला या सगळ्या प्रकाराचं अर्थशास्त्र कळत नाही. तुमच्या गाडीला साधारण ३ लिटर ऑइल लागतं. डबा, फिल्टर, ड्रेन बोल्टचा वायसर हे तुम्हालाही विकतच घ्यायचं आहे. वाचते ती फक्त मजुरी. त्यासाठी हत्यारांत काही हजार घाला, रविवार घालवा, शर्ट घालवा. आमचा कोपऱ्यावरचा मिस्त्री आपण आणलेलं ऑइल डोळ्यांसमोर बदलून देतो, मी शंभर-दोनशे जास्त देऊन मोकळा होतो.

उद्यमनगरी
हिशोबी, तुमचं गणित चूक नाही, पण त्यात एक रकाना राहिला. आपण स्वतः एकदा केलं की दुसऱ्यानं केलेलं ओळखता येतं. फिल्टर खरंच बदलला का, ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर भरलंय का, ड्रेन बोल्टला नवा वायसर आहे का जुनाच पिळलाय. ८-९ हजार किलोमीटर झालेला एअर फिल्टर हातात धरून उन्हात बघितला की 'सर, पूर्ण ब्लॉक आहे' म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते कळतं.

हिशोबी
हे मान्य. एकदा करून बघायला हरकत नाही. दर वेळी नाही.

अनघा_डोंबिवली
माझा अनुभव बॅटरीचा. सकाळी सेल्फ मारला तर नुसती टकटक. सोसायटीतले तीन काका जमले, तिघांचं एकमत: बॅटरी गेली. फोनवर बोलावलेला माणूस तर नवी बॅटरी घेऊनच आला. मी म्हटलं थांबा, आधी मीटर लावू. बॅटरीच्या दोन टोकांवर साडेबारा व्होल्टच्या आसपास! रात्रभर उभ्या गाडीला १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास आली तर अर्धी रिकामी. ही तर ठणठणीत होती. मग सेल्फ मारायला लावून एक टोक बॅटरीच्या पोस्टवर आणि एक त्यावरच्या क्लॅम्पवर धरलं. तिथेच व्होल्ट अडकत होते. क्लॅम्पच्या आत पांढरी-हिरवी बुरशी.

१० चा पाना, आधी काळी वायर (निगेटिव्ह) काढायची, मग लाल. उलट केलंत आणि लालवरचा पाना बॉडीला टेकला तर वेल्डिंग बघायला मिळेल. खायचा सोडा कोमट पाण्यात, जुना टूथब्रश, पुसून कोरडं, वर पेट्रोलियम जेलीचा हात. लावताना आधी लाल, शेवटी काळी. गाडी एका सेल्फमध्ये सुरू. नंतर चालू इंजिनवर मापलं, १४.१. म्हणजे अल्टरनेटरही बरा. (१३.८ ते १४.४ च्या दरम्यान असलं की झोप लागते.)

बॅटरीवाला दादा हिरमुसला, पण शेवटी म्हणाला, "मॅडम, मीटर कुठून घेतला?"

वाकडीवाट
तीन काकांचं पुढे काय झालं?

अनघा_डोंबिवली
"आम्ही तेच म्हणत होतो, कनेक्शन बघा."

हडसनकर
इकडे न्यू जर्सीत मोठ्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांत अनामत ठेवली की हत्यारं उसनी मिळतात, आणि काढलेलं जुनं ऑइल तीच दुकानं फुकट परत घेतात. त्यामुळे घरी करणारे भरपूर. आपल्याकडे जुन्या ऑइलचं काय करता?

गावठी_फिटर
आमच्याकडे पार्ट्सच्या दुकानात पाना उसना मागितला तर आधी आडनाव विचारतील, मग गाव, आणि मग नाही म्हणतील.

उद्यमनगरी
जुनं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्यायचं, त्यांच्याकडून ते पिंपाने उचललं जातं. गटारात, झाडाच्या बुंध्याशी, कुंपणाच्या लाकडाला वगैरे अजिबात नको. घातक कचऱ्यात मोडतं ते.

ठाण्याचा_वाघ
मी तर जॅकवर गाडी चढवून आरामात खाली झोपतो आणि ऑइल बदलतो. एवढं काय त्यात.

उद्यमनगरी
वाघसाहेब, हे इथे लिहिताय म्हणजे अजून आहात, आनंद आहे. पण कृपया पुन्हा करू नका. गाडीबरोबर येणारा जॅक हा स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याचा तळ हाताच्या पंजाएवढा, जमीन जराशी उतरती असली किंवा फरशी सरकली की कलंडतो. पाठ जमिनीला लागलेली असताना वर ७००-८०० किलोची गाडी. खाली जायचंच असेल तर जॅक स्टँड किंवा लोखंडी रॅम्प, हँडब्रेक, गियरमध्ये गाडी, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. आणि तरीही काढलेलं चाक आडवं करून बॉडीखाली सरकवून ठेवायचं.

गोंयकार
पूर्ण सहमत. आमच्या वाड्यावर एकाचा खांदा असाच गेला. नशीब, खांदाच गेला.

ठाण्याचा_वाघ
बरं बुवा, स्टँड मागवतो. घरच्यांनी पण हा प्रतिसाद वाचलाय.

करंट_मारे
आता हेडलाइट. खटपट्या, बल्ब बदलायच्या आधी हे करा. बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. वायर बारीक, लांब, त्यात दहा वर्षांचे गंजलेले जोड. बॅटरीवर १४ व्होल्ट असले तरी बल्बपर्यंत पोहोचतात साडेबारा, कधी बारा. आणि हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात पडत नाही, त्याहून फार वेगाने पडतो. बल्बच्या मागच्या कनेक्टरवर मीटर लावून बघा, एक-दीड व्होल्ट गायब दिसला तर रिले हार्नेस टाका. यात जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो, खरा करंट बॅटरीकडून जाड वायरने फ्यूजमार्गे थेट बल्बला. बल्ब तोच, कंपनीचा ६०/५५ वॉटचा एच४. तयार हार्नेस मिळतो, जुना कनेक्टर त्यात खुपसायचा, एकही वायर कापावी लागत नाही. मूळ होल्डरही थंड राहतो.

१००/९० वॉटचा बल्ब टाकू नका. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर पिवळा पडतो, आणि समोरचा आंधळा होतो.

ठाण्याचा_वाघ
त्यापेक्षा सरळ एलईडी टाका. पांढरा फटक उजेड. मी टाकलेत.

करंट_मारे
रिफ्लेक्टर बनवलाय तो हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी. एलईडीची चिप त्या जागी तशीच बसत नाही, मग उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. आणि पावसात तो पांढरा उजेड ओल्या डांबरावर गडप होतो. घाटात समोरून येणाऱ्या तुमच्यासारख्यांमुळेच खटपट्याला रस्ता दिसत नसणार.

ठाण्याचा_वाघ
आज माझा वार नाही.

कायद्याचं_बोला
अपग्रेडवाल्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ डोक्यात ठेवावं. नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. काचेवरच्या काळ्या फिल्मवर २०१२ चा निकाल आहेच. पुढच्या लोखंडी बुलगार्डविरुद्ध डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं. त्याचं कारण निव्वळ कायदेशीर नाही: गार्ड सरळ चेसीला जोडलेला असतो, धडकेत जो भाग चेपून जोर शोषायचा तो चेपत नाही आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं. सीएनजी किट नोंदवून घेतलं नसेल तर विम्याच्या दाव्यात रडायची वेळ येते. स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉक यांना कोणी विचारत नाही.

अनघा_डोंबिवली
आणि ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहे त्यांनी स्टिरिओसाठी डॅशबोर्ड उघडताना पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर हात लावू नये. साइड एअरबॅग असलेल्या सीटवर साधं शिवलेलं कव्हरही घालू नये.

संत्रानगरी
नागपूरहून. इकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला की रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या मोजाव्या. नव्वद टक्के वेळा कारण एकच, रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी. आमच्या पाण्यात क्षार इतके की किटलीत थर बसतो, मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांत काय होत असेल. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं घ्या. रंग बघून घेऊ नका, रंग हा काही दर्जा नव्हे. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकारच भरा.

गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत पाणी दाबाखाली असतं, शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर. वरचा होज हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, चहा घ्या.

वाकडीवाट
४५ अंशात चहा. नागपूरकरच असं सुचवू शकतो.

गोंयकार
आमचा शत्रू उन्हाळा नाही, खारा वारा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली की दार आतून कुजतं. पावसाळ्याआधी काडीने ती मोकळी करायची. वायपरखालच्या जाळीत पाना-फुलांचा कचरा अडकतो तोही काढा. हे काम फुकट आहे आणि कुठल्याच सर्व्हिसच्या यादीत नसतं.

हिशोबी
ब्रेकचं कोणी बोललं नाही.

उद्यमनगरी
मुद्दाम. ब्रेक पॅडची जाडी चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बघा, ब्रेक ऑइलची पातळी बघा, बस. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, घाट उतरताना पेडल मऊ पडतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. पण बदलताना लाइनमध्ये हवा राहिली तर ते पहिल्या वळणावर कळतं. हे मिस्त्रीकडे. सस्पेन्शनची स्प्रिंग, एसीचा गॅस, एअरबॅग, हे पण.

खटपट्या
अहाहा, सोनं लुटताय. रिले हार्नेस मागवला. कनेक्टरवर मोजलं तर खरंच १२.३! एअर फिल्टर बदलला, चार क्लिप आणि काम खल्लास. पण माझी मॅट कोणीच मनावर घेतली नाही. आता तर खालचा कापसासारखा थरही भिजलाय, पाऊस थांबून आठवडा झाला तरी. वास येतो.

अनघा_डोंबिवली
वास कसला? गोडसर आणि बोटाला चिकट लागतं का?

खटपट्या
नाही, कुबट. पाण्यासारखंच पाणी.

संत्रानगरी
मग हीटरचा कॉइल नाही, देवाला नारळ फोडा. गोड आणि चिकट असतं तर कूलंट गळत असतं, आणि डॅशबोर्ड उतरवावा लागला असता. आता सांगा, एसी लावता तेव्हा गाडीखाली डावीकडे पाणी टपकतं का?

खटपट्या
आता तुम्ही विचारल्यावर लक्षात येतंय, पूर्वी सोसायटीत डबकं व्हायचं. हल्ली जमीन कोरडी असते.

संत्रानगरी
सापडलं. आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या गाड्यांत एसीचा कूलिंग कॉइल डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. त्यावरचं दवाचं पाणी एका रबरी नळीतून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) पलीकडे, इंजिनच्या बाजूला खाली पडतं. ती नळी चोंदली की पाणी आत मॅटवर. बॉनेट उघडून फायरवॉलवर खाली डावीकडे बोटाएवढी रबरी नळी वाकून खाली आलेली दिसेल. इंजिन थंड असू द्या, एक्झॉस्ट तिथूनच जातो. नळीत मऊ वायर, नाहीतर सायकलच्या पंपाची हवा हळूच. जोरात कॉम्प्रेसर मारू नका, आत नळी सुटली तर बसवायला डॅश उघडावा लागेल. समोर चेहरा धरू नका.

चोंदण्याचं कारण बहुधा एसीचा फिल्टर नसणं. काही जुन्या मॉडेलमध्ये तो कंपनीकडून येतच नाही, ग्लोव्ह बॉक्समागे नुसती खाच असते. आहे का बघा.

खटपट्या
मंडळी!! पंपाचे दोन दाब मारले आणि काळं पाणी भळाभळा. त्याबरोबर पिंपळाच्या पानाचा देठ आणि केसांचा बोळा. आता एसी लावला की गाडीखाली नीट धार लागते. ग्लोव्ह बॉक्स उतरवला, दोन्ही कडा आत दाबल्या की सुटतो. मागे खाच आहे, फिल्टर नाही. म्हणजे ज्या 'एसी डिसइन्फेक्टंट'चे पैसे घेतले तो फवारा त्या कचऱ्यावरच मारला. मॅटखालचा थर काढून गच्चीवर वाळत घातलाय, सीटखाली वर्तमानपत्रं. फिल्टर पुण्याच्या नाना पेठेतून आणतो.

हिशोबी
यात वाचलेली मजुरी मात्र मोजण्यासारखी. शब्द मागे घेतो.

गावठी_फिटर
केसांचा बोळा म्हणजे उंदीर. इंजिनच्या वरच्या आवरणाखाली घरटं आहे का बघा, वायरी कुरतडल्या असतील तर पुढचा धागा तुमचाच.

गोंयकार
उंदरांवर तंबाखूची पानं. पिशवीत बांधून बॉनेटमध्ये.

वाकडीवाट
आमच्याकडचे उंदीर चुना मागतात.

अनघा_डोंबिवली
तंबाखू, फिनाईलच्या गोळ्या, पुदिन्याचा स्प्रे सगळं करून झालं. चालला तो उपाय एकच: गाडीत खाऊचे डबे ठेवणं बंद, आणि रात्री बॉनेट अर्धवट उघडं ठेवणं. अंधार आणि ऊब मिळाली नाही की ते दुसरी गाडी बघतात.

हिशोबी
म्हणजे माझी.

दुसरी_चाळ
धागा उशिरा वाचला. माझी २००८ ची अल्टो आहे. पंधरा वर्षं उलटल्यावर फिटनेस आणि पर्यावरण कर भरून पुन्हा नोंदणी केली आहे, गाडी मस्त आहे. पण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. बॉनेट उघडल्यावर अधूनमधून पेट्रोलचा वास येतो. नळ्या मी स्वतः बदलू शकतो का?

उद्यमनगरी
आधी वास. गाडी चालवणं थांबवा आणि वास कुठून येतो ते बघा, बॉनेटजवळ सिगारेट नको. एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे भाग या पेट्रोलला सोसतील असे येतात. २००८ च्या गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलं नाही, शिवाय पंधरा वर्षांनी रबर तसंही कडक होऊन तडकतं. नळी बोटांनी वाकवून बघा, पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या तर बदलायचीच. ॲव्हरेजही थोडं पडेल, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते.

टाकीजवळची किंवा इंजेक्टरच्या रेलची (इंजेक्टरना पेट्रोल पोचवणारी नळी) जोडणी असेल तर घरी हात घालू नका, तिथे इंजिन बंद केल्यावरही दाब राहतो. नळीचा फोटो टाका, कुठली आहे बघून सांगतो.